त्या दिवशी नेट बंद नव्हतं

त्या दिवशी आमच्या घरचं नेट बंद नव्हतं.

हे वाक्य मी आजवर कुणापुढंही उच्चारलेलं नाही. त्यामागचं बायकोला ठाऊक नाही, मुलाला ठाऊक नाही, आणि जिला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं तिला सांगायचं धाडस मागच्या आठवड्यातही झालं नाही. मी कॉलेजात मराठी शिकवतो. वर्गात तासभर बोलणारा मी गावात, घरात तसा कमीच बोलतो. लोक म्हणतात, सरांचं बोलणं मोजकं. कमी बोलणाऱ्याची एक सोय असते. तो काय गिळून बसलाय, हे विचारायला कुणी येत नाही.

पुन्हा सोयाबीनचे दिवस आलेत. बोरीत आमच्या घरासमोरच्या रस्त्याची अर्धी बाजू सध्या सोयाबीननं झाकलीय. गाड्या उरलेल्या अर्ध्यातून जातात आणि कुणी कुरकुर करत नाही, कारण ज्याची गाडी, त्याचंही सोयाबीन पुढच्या वळणावर वाळत पडलेलं असतं. शिवारातून मळणी यंत्राची घरघर येते आणि तिच्या मागोमाग धूळ. बारीक, लवदार, मानेला चिकटून खाज आणणारी. तिला वास असतो, थोडा कच्च्या तेलाचा, थोडा भिजून वाळलेल्या पोत्याचा. तो वास आला की माझा हात आपोआप खिडकीकडं जातो.

"अहो, लावून काय घेता? धूळ काय आजची हाय?" बायको म्हणते.

मी खिडकी लावून घेतो. धुळीचं नसतं ते.

त्या वर्षी कॉलेजला कुलूप होतं. आजाराच्या भीतीनं सगळा मुलूख घरात बसलेला, आणि आमचं शिकवणं मोबाईलवर आलेलं. आमच्या गल्लीत तारेचं नेट घेतलेलं घर एकच, आमचं. घेतलं होतं मुलासाठी. सुमेधला डॉक्टर व्हायचं होतं आणि त्याची लातूरची शिकवणी घरबसल्या सुरू झाली होती. बैठकीत खिडकीशेजारी ते पांढरं डबडं बसवलं, त्याचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले, आणि आठवड्याच्या आत गल्लीला खबर लागली. आधी एक जण आला. "सर, जरा नोट्स उतरून घ्यायच्या होत्या." मी पासवर्ड सांगितला. मला बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर, लय बरं वाटलं. मग तिघं आले, मग सात-आठ. ओट्यावर अंतर ठेवून, तोंडाला रुमाल बांधून, चपला पायरीखाली काढून पोरं-पोरी बसायची, जसं काही आत कुणाचं प्रवचन चाललंय.

खिडकीतून त्यांचं बोलणं ऐकू यायचं.

"तुजं कितीवर गेलं?"

"अठ्ठ्याहत्तर टक्के."

"माजं मघाधरनं एकोणचाळीसवरच बसलंय. पाण्यातल्या म्हशीवाणी."

"हाकल की मग."

"हाकलायलोय, पर उठंना गेलीय."

ऐकून मी आतल्या आत हसायचो. ओटा माझा होता, हसू माझं होतं, पोरांचं शिक्षण माझ्या भिंतीतून पाझरत होतं. चांगुलपणा फुकट मिळत असला की माणूस तो भरभरून वापरतो.

त्यांच्यात रेणुका होती. बालाजीची थोरली मुलगी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. बालाजीला तीन एकर रान, आणि हंगामात दुसऱ्याच्या मळणी यंत्रावर काम. घरात स्मार्टफोन एकच, तोही त्याचाच. तो शेतातून जेवायला आला की फोन हिच्या हातात यायचा, आणि तो परत निघाला की फोनही निघायचा. ती फोन दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून आणायची. बाकीची पोरं नोट्सबरोबर गाणी उतरवायची, सिनेमे उतरवायची. ती माझे तास उतरवायची आणि उठायची. जाताना खिडकीपाशी थांबून म्हणायची, "सर, झालं माजं. सोडलं मी नेट." दोर विहिरीतून वर काढून ठेवावा तसं ती नेट 'सोडायची'.

शेवटच्या वर्षाच्या अंतर्गत गुणांसाठी मी एक निबंध दिला होता. विषय तोच, आम्ही मराठीचे मास्तर पिढ्यान्‌पिढ्या देत आलो तो. फक्त नाव बदलायचं. पूर्वी दूरदर्शन असायचं, आता लिहिलं, 'स्मार्टफोन : शाप की वरदान?' वहीचे फोटो काढून पाठवा, असं ग्रुपवर सांगितलं. बाकीच्यांनी पाठवले. रेणुकानं वहीच आणून खिडकीच्या गजातून आत सरकवली.

"अगं, फोटो पाठवायचा होता."

"सात पानं हायेत सर. फोटोला तुमचं नेट जातं. तुमी इथंच तर राहता."

ती वही अजून माझ्या कपाटात आहे. तिच्यात शापही नव्हता, वरदानही नव्हतं. तिनं लिहिलं होतं:

'महिना अठ्ठावीस दिवसांचा कोणी केला, ते मला माहीत नाही. कॅलेंडरात तो तीस-एकतीसचा असतो. आमच्या घरी शेवटचे दोन-तीन दिवस मोबाईल उपाशी असतो. तेव्हा वडील म्हणतात, बाजार झाला की भरू. मग मी माझ्या मनातच तास घेते.'

आणखी एके ठिकाणी: 'सरांचा व्हिडिओ चाळीस मिनिटांचा असतो. त्यातली पहिली चार मिनिटे सर "आवाज येतोय का" असे विचारतात. व्हिडिओ आधीच भरलेला असल्यामुळे आम्ही उत्तर देऊ शकत नाही. पण त्या चार मिनिटांचाही डेटा जातो. सरांचा आवाज येतो, असे इथे नमूद करते.'

आणि पुढं: 'मामा रोज सकाळी फुलांचे चित्र पाठवतात. ते उघडले नाही तर त्यांना राग येतो. मामांचा राग परवडतो का फूल परवडते, हे महिन्याच्या तारखेवर अवलंबून असते.'

शेवटच्या पानावर ओट्याविषयी होतं. 'सरांच्या ओट्यावर बसले की डेटा लागत नाही. दुसऱ्याच्या दारात बसायची लाज वाटते. पण लाज फुकट असते आणि डेटा विकत, म्हणून मी बसते.'

मी दहापैकी पाच गुण दिले. खाली लाल शाईनं लिहिलं, 'विषयाला धरून लिहावे. दोन्ही बाजू मांडाव्यात. निष्कर्ष नाही.' ती चार मिनिटं मला झोंबली होती, हे त्या लाल शाईत कुठं दिसत नाही. निष्कर्ष नाही म्हणे! आज ती वही उघडली की वाटतं, इतकी वर्षं मराठी शिकवून माझ्या हाती आलेलं सगळ्यांत नितळ मराठी ते. आणि मी त्याला अर्ध्यावर ढकललं.

परीक्षा दसऱ्याच्या आगेमागे लागली. ऐन काढणीत. प्रत्येकानं आपापल्या फोनवर द्यायची, एक तासाचा पेपर, अकराला सुरू. वेळापत्रक ग्रुपवर मीच टाकलं होतं. हे मुद्दाम लिहितोय, म्हणजे पुढं मला 'लक्षात नव्हतं' असं म्हणता येणार नाही.

त्या दिवशी सकाळी सुमेधची सराव चाचणी होती. तीही अकराला. आदल्या चाचणीत मध्येच नेट अडकलं होतं आणि त्याचे गुण पडले होते. नऊच्या सुमारास तो बैठकीत आला. डोळे तांबारलेले.

"पप्पा, बाहेरचे सगळे रोज नेटला चिकटतेत. आज जर अडकलं ना, मी फोन फोडून टाकीन."

"आज त्यांची परीक्षा हाय रे."

"आणि माझी? माझी कोण घेतंय मग?"

मी त्याच्याकडं बघितलं. बाप म्हणून बघितलं, आणि तिथंच मास्तर संपला. मी खुर्चीवर बसलो, फोन उघडला आणि पासवर्ड बदलला. नवा काय ठेवावा सुचेना. खिडकीतून समोर सोयाबीनची बनीम, कापून रचलेला ढीग, दिसत होती, ताडपत्री घातलेली. तेच ठेवलं. इंग्रजी अक्षरांत 'सोयाबीन' आणि पुढं चार आकडे. सुमेधच्या आणि त्याच्या आईच्या फोनात मीच तो टाकून दिला. दोन मिनिटांचं काम. लोकांना वाटतं, वाईट काम करताना माणसाला आतून काहीतरी टोचतं. मला तर त्यानंतर चहा छान लागला होता.

ओट्यावर पोरं आली, फोन हलवून बघितले. दोघा-तिघांकडं स्वतःचा डेटा होता, ती आपापल्या घरी पांगली. दोघं मोटारसायकलवर बसून टॉवरच्या दिशेनं गेली. पावणेअकराला रेणुका आली. थेट रानातून आली होती. केसांत भुसकट, हातांवर वाळल्या शेंगांनी ओरखडे. त्या महिन्याचे अठ्ठावीस दिवस आदल्या दिवशी संपले होते, हे मला नंतर कळलं.

"सर, नेट येईना गेलंय."

मी दारात उभा राहिलो. "बंद पडलंय. सकाळपासून. तक्रार केलीय मी."

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण खोट्याला हातपाय लागतात. मी पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो आणि मान वर करून खांबाकडं बघितलं, तार कुठं तुटलीय का ते बघितल्यासारखं. तीही माझ्याशेजारी उभी राहून वर बघायला लागली. डोळ्यांवर हात धरून. आम्ही दोघं, सर आणि विद्यार्थिनी, एका धडधाकट तारेकडं बघत उभे.

तेवढ्यात आतून आवाज आला. सुमेधच्या आईनं स्वयंपाकघरात मोबाईल लावला होता. कुणीतरी बाई शंकरपाळ्यांचं प्रमाण सांगत होती, अडखळत नव्हती, थांबत नव्हती. मी पायऱ्या चढून दार ओढून घेतलं. रेणुकानं दाराकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग परत खांबाकडं.

"बरं सर," ती म्हणाली. "बघते मी कुटं."

आणि पळाली. तिच्या पळण्याचा आवाज मला आठवतो, कारण रस्त्यावर सोयाबीन होतं आणि घाईतही ती त्याच्यावर पाय पडू नये म्हणून कडेकडेनं पळत होती.

मैत्रिणीकडं गेली, तर मैत्रीण त्याच पेपरात गुंतलेली. तिचा झाल्यावर हिला नेट मिळालं. तोवर तासातली पंधराएक मिनिटं उरली होती, त्यात नाव-क्रमांक भरेपर्यंत फोन दोनदा बंद पडला. पेपर मराठीचाच होता. माझाच.

कुणी म्हणेल, एक पेपर तर राहिला, त्यात काय. राहिलेल्यांसाठी पुन्हा परीक्षा होतीच. अर्ज करायचा, कारण लिहायचं. कॉलेजच्या परीक्षा समितीत मी होतो, अर्ज माझ्याकडंच आला. कारणाच्या रकान्यात तिनं तिच्या नितळ मराठीत लिहिलं होतं, 'माझ्याकडे डेटा नव्हता. सरांच्या घरचे नेट बंद होते.'

मी तिला फोन केला. बालाजीनं उचलून तिला दिला.

"अगं, असं नको लिहू. कोणत्या सरांचं नेट, कसं बंद होतं, चौकशी लागंल. प्रकृती बरी नव्हती असं लिही."

"पर सर, मी तर ठणठणीत होते."

"मी सांगतो ना. लिही तसं."

"बरं सर."

दोन्ही वेळा तिनं 'बरं सर' म्हटलं. एवढा विश्वास मी कशानं मिळवला होता, कुणास ठाऊक. तिनं दुसरा अर्ज लिहिला. तो वर गेला आणि परत आला, आजारी होती तर डॉक्टरचा दाखला जोडा म्हणून. ठणठणीत मुलीला दाखला कोण देणार? मुदत टळली. पहिला अर्ज तसाच पाठवला असता तर तो मंजूर झाला असता. त्या फेरीत नेट नसल्याचे सगळे अर्ज मंजूर झाले. ते मीच फायलीला लावले.

तिला बी.एड. करायचं होतं. "सर, तुमच्यावाणी शिकवायचंय," असं एकदा ओट्यावरून म्हणाली होती. पदवी अडकली, त्या साली प्रवेश गेला. पुढच्या वर्षी पेपर निघाला, पण तोवर घरात दुसऱ्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. पाथरीचं स्थळ आलं. लग्नाला मी गेलो होतो. आहेर केला, जेवलो, फोटोत उभा राहिलो.

माझा आजा राणीसावरगावकडचा. धर्मांतराच्या आधीच्या काळातलं तो सांगायचा. आपल्या लोकांना विहिरीत दोर टाकायची मुभा नव्हती. घागर घेऊन काठाच्या खाली उभं राहायचं, वरून कुणी ओतील तेव्हा पाणी. मी लहानपणी विचारायचो, "आजा, ते लोक लय वाईट होते का रे?" आजा म्हणायचा, "वाईट कशाचे? चांगलेच होते. कधी म्हणायचे ओततो, कधी म्हणायचे आज आमचंच व्हायचंय, थांबा." ही गोष्ट मी भाषणांत सांगितलेली आहे. टाळ्या घेतल्यात. दोर माझ्या हातात आल्यावर मी काय केलं, ते कुठल्या भाषणात आलेलं नाही. आज आमचंच व्हायचंय, थांबा. त्या लोकांना निदान खोटं बोलावं लागत नव्हतं.

सुमेध डॉक्टर झाला नाही. पुण्यात एका कंपनीत आहे, सुखात आहे. तो डॉक्टर झाला असता तर कदाचित मी हे लिहिलंच नसतं, मनात म्हटलं असतं, चला, कारणी तरी लागलं. हेही इथंच लिहून टाकतो.

मागच्या आठवड्यात सासऱ्यांच्या कामासाठी पाथरीला गेलो होतो. ते सेवानिवृत्त, तिथंच राहतात. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो आता मशीनवर अंगठा लावून. एसटी स्टँडजवळच्या एका दुकानापाशी रिक्षा थांबली. 'येथे सर्व ऑनलाइन अर्ज भरून मिळतील.' आत पोरांची गर्दी. काउंटरमागून आवाज आला.

"सर? सर, तुमी!"

रेणुका. चष्मा लागलेला, अंगानं भरलेली. ती उठून उभी राहिली. तिनं बाकावरच्या पोरांना उठवलं, "उठा रं, माजे सर हायेत," आणि आम्हाला बसवलं. चहा मागवला. सासऱ्यांचा अंगठा मशीनवर उमटेना. एकदा, दोनदा, पाचदा.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "मी जिता हाय, हे या डब्याला पटंना गेलंय."

"पटंल आजोबा," रेणुका म्हणाली. तिनं ओल्या कापडानं त्यांचा अंगठा पुसला, आपल्या तळहातावर घासून ऊब दिली आणि पुन्हा टेकवला. सहाव्या वेळी हिरवा दिवा लागला. "घ्या. आणखी वरीसभर मरायचं न्हाई."

दुकानातली पोरं हसली. मग ती माझ्याकडं वळून म्हणाली, "मास्तरीण न्हाई झाले सर, पर अर्धा तालुका माज्याच हातानं अर्ज भरतो. कारणाच्या रकान्यात काय लिवायचं, ते बी मीच सांगते."

ती हसत होती. मी चहाच्या कपाकडं बघत होतो. काहीतरी करायचं म्हणून मी फोन काढला, रेंज नव्हती. तिच्या ते लक्षात आलं.

"नेट पायजे का सर? पासवर्ड तिथं भिंतीवर हाय."

भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं, हातभर उंचीच्या अक्षरांत पासवर्ड रंगवलेला. खडूनं नाही, कागदावर नाही. रंगानं.

"बदलायचा झाला तर?" मी विचारलं. कशाला विचारलं, मलाही कळलं नाही.

"मी बदलत न्हाई सर," ती म्हणाली. "पोरं लांबून येतेत."

आवाजात काही नव्हतं. टोमणा नव्हता, राग नव्हता. निदान मला तरी सापडला नाही, आणि मी शोधला. तिला त्या दिवशीच कळलं होतं का? शंकरपाळ्यांचं प्रमाण सांगणाऱ्या त्या बाईचा आवाज तिनं ऐकला होता, एवढं नक्की. मी बोलायला तोंड उघडलं तेव्हा सासरे म्हणाले, "चला, ऊन व्हायलंय." आणि मी निघालो. सासऱ्यांचं वय, ऊन, रिक्षावाला, सगळे माझ्या मदतीला धावून आले.

आमच्या घरचा पासवर्ड अजून तोच आहे, त्या सकाळी ठेवलेला. पाहुणा आला, नवा फोन आला, की मला तो टाइप करावा लागतो. 'सोयाबीन' आणि चार आकडे. सुमेधची आई म्हणते, हे काय नाव, बदला की. बदलत नाही. दुसरी शिक्षा मला कुणी दिलेली नाही.

हे छापून येईल. कदाचित पाथरीला तिच्या दुकानात चहाच्या पुडक्याभोवती जाईल, कदाचित ती वाचेलही. पण कागदावर सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. तिनं तोंडावर विचारलं होतं, मी तोंडावर खोटं बोललो होतो.

मी रेणुकाला दोन गोष्टींचं देणं लागतो. एक, तिची वही, लाल शाई खोडून. दुसरं, तिच्या दुकानात उभं राहून, पोरांच्या देखत म्हणायचं वाक्य: नेट चालू होतं, पासवर्ड मी बदलला, आणि तुझा पेपर मला माहीत होता. बोरीहून पाथरीला एसटी रोज जाते. मी अजून बसलेलो नाही.